हजची गर्दी, ऊन आणि अब्बा-अम्मीची तयारी

सावित्रीकाठ:
सगळ्यांना सलाम आणि नमस्कार. यंदा हज कमिटीच्या कुर्ऱ्यात (सोडतीत) अब्बा-अम्मीचा नंबर लागलाय. अकरा वर्षं पैसे साठवत होते, पत्र आलं त्या दिवशी अब्बांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. अब्बा ६८, अम्मी ६४, तिचे गुडघे दुखतात, अब्बांना शुगर. माझं बाळ आठ महिन्यांचं, त्यामुळे मला सोबत जाता येत नाहीये आणि भाऊ कुवेतला. आनंद तर आहेच पण खरं सांगते, रात्री बाळ झोपलं की मी मोबाइलवर २०१५ च्या मिनातल्या (मक्केजवळ हाजींचे तंबू असतात ती जागा) चेंगराचेंगरीच्या बातम्या आणि २०२४ च्या उन्हाचे व्हिडिओ बघत बसते आणि मग झोपच लागत नाही. मक्केत मे महिना म्हणजे चाळिशीच्या वरच असणार. अब्बांना म्हटलं तर ते म्हणतात, अल्लाच्या घरी चाललोय, तो बघेल. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण मला नीट समजून घ्यायचंय की तिथे माणसं नेमकी कशाने दगावतात, आता काय बदललंय आणि आपल्या हातात काय आहे. कोणी जाऊन आलं असेल, तिथे काम केलं असेल तर प्लीज मोकळेपणाने लिहा, घाबरवणारं असलं तरी चालेल.

धुळेकर:
मुबारक ताई! आमचे मामा-मामी २०२३ ला गेले होते, सुखरूप आले. फक्त मामी एक दिवस हरवली होती, संध्याकाळी सापडली. हातातलं स्टीलचं कडं काढू देऊ नका, त्यावर कव्हर नंबर (हज कमिटीतला अर्जाचा नंबर) असतो.

वाईकर:
हजला कधी गेलो नाही, पण मांढरदेवीच्या चेंगराचेंगरीच्या वेळी (जानेवारी २००५) मी गावातच होतो म्हणून लिहितोय. तीनशेच्या आसपास माणसं गेली हो. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच अरुंद वाटेवर, त्यात दुकानांना आग. तेव्हाही सगळे म्हणत होते लोकांना शिस्त नाही. मला वाटतं शेवटी तेच खरं आहे, आपल्याकडे असो की तिकडे असो, लोक थोडं थांबले तर काही होणार नाही. घाई सगळ्यांनाच असते.

पूलवाला:
ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, नऊ वर्षं जेद्दाहला होतो, जमरातच्या पुलावर (मिनात सैतानाच्या खांबांना खडे मारतात, म्हणजे रमी करतात, तो पूल) मी स्वतः काम केलेलं नाही पण तो विषय आमच्या ऑफिसात रोजचा होता, आणि माझं स्वतःचं हजही तिथूनच झालं. वाईकरदादा, तुमचं दुःख कळतं पण शिस्तीचं तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही आणि ते का पटत नाही हे जरा लांबण लावून सांगतो.

पहिलं म्हणजे चेंगराचेंगरी हा शब्द. ऐकला की आपल्या डोळ्यासमोर येतं की लोक घाबरून पळाले आणि पायाखाली कोणी तुडवलं गेलं. असल्या ठिकाणी बहुतेक माणसं उभ्याउभ्या जातात. चारी बाजूंनी एवढा दाब येतो की छाती फुगायला जागा राहत नाही, श्वास घेता येत नाही, बास. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर आपण आरामात चालतो. पाच झाली की खांद्याला खांदा. सहा-सातच्या पुढे गर्दी माणसांची राहतच नाही, ती पाण्यासारखी वागायला लागते, मागे कुठेतरी धक्का बसला की त्याची लाट पुढे येते आणि तुम्ही कितीही शिस्तीचे असा, तुमचे पाय तुमचे राहत नाहीत. मागच्याला पुढचं दिसत नाही, तो बिचारा नुसता एक पाऊल पुढे टाकतो. त्याला बेशिस्त कसं म्हणायचं?

आता मिनाचा इतिहास बघा. १९९० ला मिनाजवळच्या पादचारी बोगद्यात १४२६ माणसं गेली. १९९४ ला रमीच्या ठिकाणी २७०. १९९८ ला जमरातच्या पुलावर ११८. २००४ ला २५१. २००६ ला ३४६. बोगदा सोडला तर बाकी सगळं एकाच जागी. श्रद्धा तीच, माणसं दरवर्षी नवी, मग जागेतच काहीतरी चुकत होतं ना? जुना पूल फक्त एक मजली होता, म्हणजे रमी करायला खालची जमीन आणि वरचा पूल एवढंच. जमरा म्हणजे खांब, त्याभोवती सगळे गोळा होणार, पुढच्याचे खडे मारून झाले की तो परत फिरणार, आणि येणारे-जाणारे समोरासमोर. २००४ नंतर त्या खांबांच्या जागी २६ मीटर लांबीच्या भिंती आल्या, त्यामुळे चालता चालता खडे मारून पुढे निघता येतं, परत फिरायची गरजच नाही.

तरी २००६ झालंच. ते का झालं हे अब्बांना नक्की सांगा, त्यातच त्यांच्या कामाचं आहे. तो १२ जिल्हजचा (हजच्या महिन्यातला) दिवस होता. ज्यांना त्या दिवशी मिना सोडायचंय त्यांना सूर्य मावळायच्या आत निघावं लागतं, आणि रमीची वेळ दुपारी जवालनंतर (सूर्य माथ्यावरून कलला की) सुरू होते असं बहुतेक जण मानतात, म्हणजे लाखो लोकांचं एकच काम दुपार ते मगरिबमध्ये कोंबलं गेलं. त्यात निघायचा दिवस म्हणून कित्येकांजवळ बॅगा, गाठोडी. पुलाच्या तोंडाशी सामान पडलं, त्यावर माणसं अडखळली. पुढे डर्क हेल्बिंग म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या टीमने तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासलं. दुर्घटनेच्या साधारण अर्धा तास आधी गर्दी सलग चालायची थांबून अडखळत चालायला लागली होती, चाललं-थांबलं, चाललं-थांबलं, आणि मग त्या लाटा सगळ्या दिशांनी यायला लागल्या. म्हणजे इशारा होता, तो वाचता येत नव्हता एवढंच.

त्यानंतर जुना पूल पाडला. आताचा पाच पातळ्यांचा आहे, सुमारे ९५० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद, एकाच दिशेने वाहतूक, यायचा रस्ता वेगळा आणि जायचा वेगळा, ताशी तीन लाख माणसांच्या हिशोबाने बांधलेला. तेव्हापासून त्या पुलावर तसं मोठं काही झालेलं नाही. मी स्वतः त्यावरून चाललोय, तिसऱ्या मजल्यावर वारा लागत होता आणि मला रडू आलं होतं, रमीमुळे आणि पुलामुळेही.

वाईकर:
दादा, वाचलं. दोनदा वाचलं. मी वीस वर्षं लोकांनाच दोष देत आलोय. मांढरदेवीला पण वाट एकच होती, चढायची आणि उतरायची.

सावित्रीकाठ:
पूलवालादादा, खूप खूप आभार, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. पण मग २०१५ कसं झालं? तेव्हा तर नवीन पूल होता.

पूलवाला:
बरोबर पकडलंत. २०१५ पुलावर झालंच नाही. २४ सप्टेंबरला सकाळी, बकरीदच्या दिवशी, तंबूंच्या मधल्या रस्त्यावर झालं, २०४ नंबरचा रस्ता जिथे २२३ ला मिळतो तिथे. दोन बाजूंनी आलेले लोंढे एकमेकांत घुसले, दोन्हीकडे तंबूंची कुंपणं, बाहेर पडायला वाट नाही. सौदी सरकारचा आकडा ७६९, पण असोसिएटेड प्रेसने देशोदेशींनी जाहीर केलेल्या आकड्यांची बेरीज केली तर ती २४०० च्या वर गेली. आपल्याकडचेही शंभराच्या वर होते. पूल रुंद केला तर गर्दी पुलाच्या अलीकडच्या गल्लीत तुंबते. एल्फिन्स्टनचा जिना आठवा, २०१७, २३ माणसं गेली. गाड्या आल्या, प्लॅटफॉर्मवर जागा होती, जिन्यात नव्हती.

म्हणून आता सगळा जोर वेळापत्रकावर आहे. कोणत्या मक्तबच्या (हाजींची व्यवस्था बघणारं तिथलं ऑफिस) लोकांनी कोणत्या तासाला, कोणत्या रस्त्याने, पुलाच्या कोणत्या मजल्यावर जायचं हे ठरवून देतात. अरबीत त्याला तफवीज म्हणतात. वर हेलिकॉप्टर, ड्रोन, हजारो कॅमेरे. २०१० पासून मिना-मुजदलिफा-अराफात मेट्रो आहे, तिने हजारो बसेस रस्त्यावरून काढल्या. पण हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा माणूस आपल्या वेळेला आपल्या रस्त्याने जातो. अब्बांना म्हणावं, मक्तबने रात्री दहाची वेळ दिली तर रात्री दहालाच. शेजारच्या तंबूतले लवकर उठून निघाले म्हणून त्यांच्यामागे जायचं नाही.

खादिम_२३:
अस्सलामु अलैकुम ताई. २०२३ ला मी खादिमुल हुज्जाज म्हणून, म्हणजे हाजींच्या मदतीला, गेलो होतो. पूलवालादादांनी वरून दिसणारं सांगितलं, मी खालून दिसणारं सांगतो.

मुजदलिफाची रात्र, मिनाला परतायच्या आधीची. अराफातच्या मैदानावरून माणसं दमून आलेली, उघड्या मैदानात प्लास्टिकच्या चटया, मैलोन्‌मैल पांढरं. आमच्या ग्रुपमध्ये बीडच्या एक मावशी होत्या, ७१ वय, त्यांनी टॉर्चच्या उजेडात खडे वेचले, हरभऱ्याएवढे, धुतले, ४९ मोजले आणि सुपारीच्या डबीत ठेवले. पहिल्या दिवशीचे ७ वेगळ्या कागदात. मला म्हणाल्या, बेटा, गर्दीत पिशवी उघडत बसायला नको. हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

सकाळी जमरातकडे निघालो. आम्ही नऊ जण. रस्ता रुंद होता, गर्दी होती पण चालती. एका चाचांची चप्पल निघाली. रबरी, मागे पट्टा नसलेली. ते वाकले. बस, तेवढंच. मागचा माणूस त्यांच्या पाठीवर आला, त्याच्यामागचा त्याच्यावर, मी चाचांच्या बगलेत हात घालून उचललं आणि तिरपं तिरपं करत कडेला नेलं. सगळं मिळून दहा सेकंद असेल, पण त्या दहा सेकंदात मागे काय साचतं ते मी वळून बघितलं आणि अजून विसरलो नाही. चप्पल गेली. डांबर एवढं तापलेलं की त्यांना उभं राहवेना, मी माझा टॉवेल फाडून त्यांच्या पायाला बांधला, पुढे एका पोलिसाने कुठून तरी स्लीपर आणून दिली, अल्ला त्याचं भलं करो.

तर सांगायचं हे की पडलेली वस्तू सोडून द्यायची. मोबाइल असो, चष्मा असो, पासबुक असो, वाकायचं नाही. दोन हात छातीसमोर, कोपरं थोडी बाहेर, श्वासापुरती जागा धरून ठेवायची. प्रवाहाच्या उलटं कधी जायचं नाही, कडेला जायचं असलं तर तिरपं सरकत जायचं. भिंतीला, कुंपणाला चिकटून उभं राहायचं नाही. आणि अम्मी-अब्बा एकमेकांपासून सुटले तर शोधत मागे फिरायचं नाही, आधीच ठरवलेल्या जागी जाऊन थांबायचं. माझ्या ग्रुपला मी तंबूचा खांब नंबर पाठच करून घेतला होता, शाळेतल्या पाढ्यासारखा.

तुमच्या अब्बांच्या उत्तराबद्दल एक. हदीस त्यांनाही माहीत असेल, आधी उंट बांध आणि मग अल्लावर भरवसा ठेव. हे मुलीच्या तोंडून नाही ऐकणार कदाचित, तुमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना सांगायला लावा.

लातूरवाली:
तुमचा धागा वाचून आठवड्याभराने लिहायची हिंमत करतेय. २०२४ ला आमच्या गल्लीतले चाचा-चाची व्हिजिट व्हिसावर गेले. एजंटने सांगितलं की हजचा कोटा संपलाय पण काळजी करू नका, तिथे गेलं की होऊन जातं, फक्त हजच्या आधी जायचं आणि खोलीत राहायचं. कमी पैशात होतंय म्हणून त्यांनी घर गहाण टाकून भरले. तिथे परमिट नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, मेट्रो नाही. अराफातला चालत गेले, चालत आले. त्या वर्षी हरमच्या (काबेच्या मशिदीच्या) परिसरात ५१.८ डिग्रीपर्यंत पारा गेला होता. चाची सांगते, चाचा म्हणाले जरा बसतो, पुलाखालच्या सावलीत बसले आणि नंतर बोललेच नाहीत. तिथेच दफन झाले. चाचीला कबर दाखवणारंही कोणी नव्हतं. त्या वर्षी १३०१ जण गेले आणि सौदी सरकारनेच सांगितलं की त्यातले ८३ टक्के विना-परमिटवाले होते. लोक म्हणतात नियम मोडला म्हणून गेले. चाचांना नियम माहीतच नव्हता हो, त्यांना हजला जायचं होतं. तो एजंट अजून त्याच दुकानात बसतो.

ताई, तुमचे अम्मी-अब्बा हज कमिटीतून चाललेत, नाव लिस्टमध्ये आहे, हीच निम्मी काळजी गेली असं समजा.

सावित्रीकाठ:
लातूरवाली, काय लिहू. तुमच्या चाचांसाठी दुआ करते. चाचींना माझा सलाम सांगा.

पूलवाला:
हे फार महत्त्वाचं लिहिलंत ताई. सगळी व्यवस्था मोजलेल्या माणसांसाठी बांधलेली असते, इतके तंबू, इतक्या बसेस, इतकं पाणी. जो मोजलाच गेला नाही त्याच्यासाठी सावलीच नसते, आणि त्याच्यामुळे मोजलेल्यांचा हिशोबही कोलमडतो. २०२४ पासून नुसुक कार्ड (परमिटवाल्या हाजीचं ओळखपत्र) आलंय, त्याशिवाय तंबूच्या भागात सोडत नाहीत. २०२५ ला विना-परमिट हज करणाऱ्याला २० हजार रियाल दंड आणि असल्या लोकांसाठी व्हिसा काढणाऱ्याला, त्यांना ठेवून घेणाऱ्याला एक लाखापर्यंत. त्या वर्षी साधारण १६.७ लाख हाजी होते (२०१२ ला ३१ लाखांच्या वर होते, तुलना करा) आणि २०२४ सारखं काही झालं नाही. दंड ठीक आहे, पण आपल्याकडचे एजंट पकडल्याशिवाय हे थांबणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. गरीब माणूस फसतो, दंडही तोच भरतो आणि मरतोही तोच.

आयसीयू_सिस्टर:
चौदा वर्षं आयसीयूत आहे, उन्हाबद्दल मी लिहिते. अब्बांना वयामुळे तहान उशिरा लागेल, आणि शुगर वाढली की लघवीवाटे पाणीही जास्त जातं. म्हणून तहान लागली की पाणी असं नाही, घड्याळ लावून पाणी. ओआरएसची पाकिटं भरपूर द्या, शुगरवाल्यांनी किती घ्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर तिचा डोस हजच्या त्या पाच दिवसांसाठी काय ठेवायचा हेही विचारा, मनाने बंद करू नका. इन्सुलिन असेल तर गरम बॅगेत ठेवलं की खराब होतं. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय, एवढी खूण दोघांनाही शिकवा.

चक्कर, मळमळ, पायात गोळे, घाम खूप हे आधीचं. तिथेच थांबायचं, सावली, पाणी. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडायला लागला, अंग चटके बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात, एक मिनिट वाया घालवायचं नाही, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मान-बगल-जांघेत थंड काहीतरी ठेवायचं आणि ओरडून मदत बोलवायची. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. एहराममध्ये (हजच्या न शिवलेल्या पांढऱ्या कपड्यांत) पुरुषांना टोपी चालत नाही पण छत्री चालते, पांढरी छत्री द्या. आणि अराफातला दुपारी तंबू सोडून जबले रहमतच्या टेकडीवर चढायचा हट्ट करू नका, मैदानात कुठेही दुआ केली तरी वकूफ (अराफातला थांबायचा विधी) होतो हे मला आमच्या वॉर्डातल्या हाजी आजोबांनीच सांगितलंय.

खादिम_२३:
सिस्टर, शंभर टक्के बरोबर. अजून एक, अम्मींचे गुडघे. मिनातला तंबू लांबच्या टोकाला मिळाला तर जमरात जाऊन येऊन ८-१० किलोमीटर सहज होतात. ज्यांना खरंच झेपत नाही त्यांच्या वतीने दुसऱ्याने रमी केली तर चालते, वकील करायचा. नाहीतर रात्री उशिरा जायचं, तेव्हा ऊन नाही आणि पूल मोकळा असतो. तुम्ही कोकणातले म्हणजे शाफई पंथाचे असाल, तेव्हा वेळेचं आणि वकिलाचं नेमकं आपल्या आलिमांना विचारून जा, तिथे ऐनवेळी तंबूत वाद नको. मी बघितलंय, एक जण म्हणतो चालतं, दुसरा म्हणतो हज होणार नाही, आणि म्हातारं माणूस घाबरून भर दुपारी निघतं.

श्रीवर्धनकर:
आमचे आजोबा बोटीने गेले होते, मुंबईहून जेद्दाह. बोटी १९९५ ला बंद झाल्या. ते सांगायचे की बोटीवर एकमेकांची एवढी ओळख व्हायची की मिनात कोणी दिसलं नाही तर लगेच कळायचं. आता विमानात पाच तासांत पोचतात आणि शेजारच्याचं नावही माहीत नसतं. अब्बा-अम्मींना म्हणावं, हज हाउसच्या कॅम्पपासूनच आपल्या ग्रुपमधल्या चार घरांशी ओळख करून ठेवा, फोन नंबर घ्या. आणि १९९७ ची मिनाची आग लक्षात ठेवा, ३४३ गेले, त्यात आपल्याकडचेही बरेच होते, गॅसच्या शेगडीवरून पेटलं म्हणतात. त्यानंतरच आग न पकडणारे तंबू आले आणि तंबूत गॅसवर स्वयंपाक बंद झाला. कोणी चहासाठी चोरून काही पेटवत असेल तर संकोच न करता मक्तबला सांगायचं.

सावित्रीकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून अब्बांना दिले. पहिल्या दिवशी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर चष्मा लावून वाचत होते आणि २००६ च्या सामानाच्या गोष्टीखाली पेनाने रेघ. मग स्वतःच म्हणाले, बॅग तंबूत नाही न्यायची, मक्केतल्या अजीजियाच्या खोलीवरच ठेवायची, मिनाला फक्त एक पिशवी. इमामसाहेब पण येऊन गेले, वकिलाचं मान्य झालंय, पण अम्मीने पहिल्या दिवसाची रमी स्वतः करणार असं सांगितलंय, ती पण रात्री गर्दी ओसरल्यावर, बाकीचे दोन दिवस अब्बा करतील. हे भांडण दोन दिवस चाललं होतं.

आता दोघं रोज असरनंतर चवदार तळ्यापर्यंत चालत जातात आणि येतात, तेच सँडल घालून, मागे पट्टा असलेले. डॉक्टरांनी गोळ्यांचं लिहून दिलंय. कव्हर नंबर, ग्रुप लीडरचा नंबर आणि माझा नंबर मी तीन कापडी पट्ट्यांवर पक्क्या शाईने लिहिले, एक अब्बांच्या पट्ट्याच्या आत, एक पिशवीत, एक अम्मीच्या ओढणीच्या कोपऱ्यात शिवला. आणि खादिमभाई, अम्मीने सुपारीची डबी मागवलीये.